पाचारण आणि लेखणी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहिले ते आपल्या मंडळाच्या वाचनालयातील एक जीर्ण पुस्तक. खाकी कागदाचे वेष्टन, निखळलेली पाने, पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेली तारखांची चिठ्ठी भरून गेल्यावर तिच्यावर डकवलेली दुसरी चिठ्ठी, आणि तीही भरत आलेली. दिवाळी अंक आणि कादंबऱ्या यांच्या गर्दीत हे पुस्तक इतकी वर्षे सतत घरोघर फिरत राहिले आहे. ते म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. आमच्यापैकी बहुतेकांनी ते वाचलेले असेल, निदान आईच्या वा आजीच्या तोंडून त्यातले प्रसंग ऐकलेले असतील. त्यावर आपण हसतो, मध्येच डोळे पुसतो आणि पुस्तक परत करतो. परंतु शाळेचे तोंडही न पाहिलेल्या एका स्त्रीच्या हाती ही लेखणी आली कोठून, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. तो विचारू गेले असता मराठी वाङ्मयाच्या एका अशा दालनात प्रवेश होतो, ज्याचे दार आपल्यापैकी पुष्कळांनी आजवर बंदच ठेवले आहे. ते दालन मराठी ख्रिस्ती लेखकांचे.

मराठी ख्रिस्ती समाजात एक शब्द आहे, ‘पाचारण’. देवाने माणसाला विशिष्ट कार्यासाठी बोलावणे, असा त्याचा अर्थ. आम्ही स्वतः ख्रिस्ती नव्हे, आणि धर्मतत्त्वांच्या वादात शिरण्याचा आमचा अधिकारही नाही. तथापि वाङ्मयाचा इतिहास चाळताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, ती वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. या लेखकांना लिहिण्याचे पाचारण झाले ते आकाशवाणीने नव्हे. दरवेळी कोणीतरी समोर बसलेला, अगदी साधा, आपल्या भाषेत काही मागणारा माणूस होता. त्याच्या मागणीपुढे पंडिताला आपले पांडित्य उतरवून ठेवावे लागले, आणि तसे ते ठेवले तेव्हाच त्याची लेखणी वयात आली.

या परंपरेचा आरंभ परक्यापासून होतो. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात १५४९ च्या सुमारास जन्मलेला जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यास आला आणि सासष्टी प्रांतात चाळीस वर्षे राहून १६१९ मध्ये तेथेच निवर्तला. पोर्तुगिजांच्या अमलाखाली नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची देवळे गेली होती आणि पोथ्याही गेल्या होत्या. ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीच कवीने एक प्रसंग सांगितला आहे. धर्मशिक्षणाच्या वेळी एका बाटलेल्या ब्राह्मणाने पाद्रीबाबांना विचारले, की आमची जुनी पुराणे तुम्ही मना केलीत, मग त्यांच्या जागी तसेच काही आमच्या वाचनासाठी का देत नाही? आम्हांला वाटते, मराठी वाङ्मयातील अत्यंत मार्मिक प्रश्नांपैकी हा एक आहे. त्यात तक्रार आहे, भूक आहे, आणि आपल्या भाषेविषयीचा अभिमानही आहे. ज्याच्या राजवटीने पोथ्या हिरावल्या, त्याच्याच माणसाकडे त्याने पोथी मागितली.

स्टीफन्सने ती दिली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते पुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. लिपी रोमन होती, छंद मात्र आपल्या संतांचाच. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून अनेकांना ठाऊक असतील. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याच्या प्रस्तावनेत आहे. शुद्ध मराठीतील पुष्कळ शब्द सामान्य लोकांना कळत नाहीत, म्हणून आपण स्थानिक बोलीतले सोपे शब्द त्यात मिसळले आहेत, असे तो सांगतो. परभाषेचा माणूस ग्रांथिक मराठी परिश्रमाने शिकतो, आणि शिकल्यावर ऐकणाऱ्यासाठी ती सैल करतो! घरच्या पंडितांना हे सुचण्यास पुढे अडीचशे वर्षे लागली.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण ती आपणा दूरदेशी राहणाऱ्यांची आहे. १६४९ आणि १६५४ मध्ये या पुराणाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. त्या पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती लागत नाही, असे अभ्यासक सांगतात. मग हे पुराण उरले कसे? गोवा सोडून दक्षिणेस कानडी मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते हाताने उतरवून घेतले आणि पिढ्यान् पिढ्या वाचले. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना पकडून श्रीरंगपट्टणास नेले, तेव्हा त्या बंदिवासातही या ओव्यांनी त्यांना धीर दिला, असे त्या समाजात परंपरेने सांगितले जाते. अखेर १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी पुराणाची रोमन लिपीतील आवृत्ती प्रसिद्ध केली ती मंगळुराहून, आणि महाराष्ट्रातल्या वाचकांना देवनागरीत संपूर्ण ग्रंथ मिळाला तो शांताराम बंडेलू यांच्या संपादनामुळे १९५६ मध्ये. ज्यांनी मायभूमी सोडली त्यांच्याच पेट्यांतून तो ग्रंथ टिकला.

एकोणिसाव्या शतकातील बाबा पदमनजी यांच्याविषयी थोडक्यात सांगतो. बेळगावच्या कासार कुटुंबात १८३१ मध्ये जन्मलेल्या या गृहस्थांनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढील अर्धशतकात शंभराहून अधिक लहानमोठी पुस्तके लिहिली. १८५७ मधील त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही हिंदू विधवांच्या हालअपेष्टांवरील कथा मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ओळखली जाते. १८८८ मधील ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्रही आपल्या भाषेतील त्या प्रकारच्या अगदी आरंभीच्या ग्रंथांपैकी आहे. श्रम अफाट, तळमळ खरी, भाषा नेटकी. पण खरे सांगावयाचे तर पदमनजी वाचकाला पटवण्याच्या घाईत असतात. यमुनेचे दुःख सांगता सांगता त्यांच्यातला उपदेशक पुढे सरसावतो आणि कथालेखक मागे सरतो. त्या काळच्या मिशनरी वाङ्मयाचा हा सार्वत्रिक दोष होता, आणि समोरच्या हिंदू लेखकांनीही उत्तरे देताना तोच गिरवला. वादविवादात लेखणीला धार येते खरी, परंतु ओलावा येतोच असे नाही.

तो ओलावा आणणारा पुरुष म्हणजे नारायण वामन टिळक. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे त्यांचा जन्म झाला. वडील कडक स्वभावाचे. आई प्रेमळ, पण ती मुलाच्या लहानपणीच गेली. आईवेगळा मुलगा घर सोडून नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. इंग्रजीचे शिक्षण थोडेच झाले. पुढे पुराण सांग, कीर्तन कर, कोठे शिक्षक हो, असा भटका संसार सुरू झाला. १८८० मध्ये जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचे लग्न लागले. सासरी ती लक्ष्मी झाली. टिळक शीघ्रकवी होते. उठता बसता श्लोक रचीत, समस्यापूर्ती करीत, लोक वाहवा करीत. त्या काळातील त्यांची रचना पाहिली तर शब्दांची चमक भरपूर, वृत्तांवर हुकमत पक्की. परंतु हा मनुष्य स्वतः कोठे आहे, हे शोधावे लागते.

१८९१ च्या सुमारास ते नागपुरास आले. तेथे अप्पासाहेब बुटी या धनिकाच्या आश्रयाने त्यांचे संस्कृत ग्रंथांचे काम चाले आणि ‘ऋषि’ नावाचे धर्मविषयक मासिकही ते चालवीत. जातिभेदाविषयी त्यांच्या मनात उद्वेग दाटला होता. एखादा नवा, सर्वांना कवेत घेणारा धर्म आपणच स्थापावा, अशीही कल्पना त्यांच्या डोक्यात घोळत होती. १८९३ मध्ये नोकरीनिमित्त ते नागपुराहून राजनांदगावास निघाले. नागपूर-रायपूर भागातील आपल्या बांधवांना तो लोहमार्ग परिचयाचा आहे. राजनांदगाव तेव्हा एक लहान संस्थान होते. आज ते छत्तीसगडात येते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. त्या काळी गोऱ्या प्रवाशाने नेटिवाला शेजारी बसू देणे हीच मोठी गोष्ट. याने तर आदराने जागा करून दिली, संस्कृत काव्याविषयी गप्पा केल्या, आणि उतरताना बायबलातील नव्या कराराची एक प्रत हाती ठेवून सांगितले, की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी केवळ दिलेला शब्द पाळावा म्हणून ते पुस्तक उघडले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथून त्यांना हलवेना.

भाकीत जवळजवळ दिवस मोजून खरे झाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

या प्रसंगाचा गौरव करताना आमची लेखणी किंचित अडखळते. कारण त्या दिवशी लक्ष्मीबाई मुंबईत नव्हत्या. माहेरच्या माणसांत असताना नवऱ्याच्या धर्मांतराची बातमी त्यांच्यावर येऊन आदळली. कडेवर तीनचार वर्षांचा दत्तू. नवरा जिवंत, पण घरच्यांच्या लेखी गेल्यासारखाच. पुढे सुमारे साडेचार वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या, काही काळ पंढरपुरास बहिणीकडे. स्वतःच्या सत्यासाठी घर सोडणाऱ्या पुरुषांच्या कथा आपण मोठ्या आवडीने वाचतो. मागे राहिलेल्या बाईचे काय झाले, हे सांगायला बहुधा कोणी उरत नाही. येथे ती बाईच पुढे लेखिका झाली, हे आपले भाग्य.

टिळक नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात रुजू झाले. आणि येथे त्यांच्या लेखणीपुढे तोच प्रश्न उभा राहिला, जो सासष्टीतल्या ब्राह्मणाने स्टीफन्सला विचारला होता. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत उपासनेला गायिली जाणारी गीते बव्हंशी इंग्रजी गीतांची भाषांतरे होती, चालीही विलायती. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालींची आणि ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती, तरी अशी गीते पुष्कळ हवी होती. उपासनेला बसणाऱ्यांत महार-मांग समाजातून आलेली, निरक्षर, रात्रंदिवस राबणारी माणसे बहुसंख्य होती. शार्दूलविक्रीडितात रचलेली स्तुती त्यांच्या काय कामाची? समस्यापूर्तीचे सारे वैभव येथे निरुपयोगी ठरले. टिळकांना लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेल्या अभंगांकडे परत जावे लागले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते पुढे म्हणत. आमच्या मते त्यांची कविता मात्र याच पुलावरून उलट दिशेने चालत आली आणि घरी पोहोचली.

‘अभंगांजली’तील रचना आणि ‘उपासना-संगीत’ या गीतपुस्तकात आलेली त्यांची पदे वाचावीत, म्हणजे फरक कळतो. शब्द इतके साधे, की त्यांना भाषांतराची गरज नाही. भक्त आणि देव यांतील भांडण, रुसवा, आर्जव हे सारे वारकऱ्याच्या ओळखीचे, फक्त नाव ख्रिस्ताचे. याच काळात त्यांनी फुलांवर आणि मुलांवर जी कविता लिहिली, तिने ‘फुलांमुलांचे कवी’ हे बिरुद त्यांना मिळवून दिले. ‘केवढे हे क्रौर्य’ ही जखमी पक्षिणीवरील कविता पाठ न केलेला मराठी शाळकरी मुलगा एके काळी विरळाच असेल. ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’, ‘बापाचे अश्रू’ या रचनांनी त्यांना आधुनिक मराठी कवितेच्या उभारणीत केशवसुतांच्या पिढीबरोबर स्थान दिले. एकदा भाषा साधी झाल्यावर ती केवळ देवळापुरती उरली नाही. फुलापाखरांवर लिहितानाही ती तशीच राहिली.

तरुण कवींना तर टिळकांचे घर म्हणजे माहेर होते. १९०७ मध्ये जळगावला मराठी कवींचे संमेलन भरले, त्यात त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या कवितेने सभा जिंकली आणि ‘बालकवी’ हे नाव मिळवले. हा मुलगा पुढे नगरला टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला लेकासारखे सांभाळले. तो हिंदूच राहिला, आणि त्याने ख्रिस्ती व्हावे असा आग्रह त्या घरात कोणी धरला नाही. बालकवी १९१८ मध्ये आगगाडीखाली सापडून गेले. पुढच्याच वर्षी टिळक.

टिळकांचे मिशनशी पूर्णपणे जमले, असे समजू नये. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे नव्हे, ही त्यांची ठाम भूमिका होती. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे होते. १८४२ मध्ये नगरला सुरू झालेल्या या जुन्या पत्रातून त्यांनी स्वदेश, स्वभाषा आणि भक्ती यांचा मेळ घालणारे विपुल लेखन केले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्यास जाहीर केला आणि साताऱ्यास जाऊन ‘देवाचा दरबार’ ही सर्वांना खुली असलेली भक्तांची मंडळी स्थापन करण्याच्या खटपटीला लागले. त्या खटपटीत त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य त्यांनी हाती घेतले होते. त्याचे दहाअकरा अध्याय तेवढे कागदावर उतरले होते.

लक्ष्मीबाईंकडे वळण्यापूर्वी याच काळातील आणखी एका स्त्रीचा उल्लेख आवश्यक आहे. संस्कृत पांडित्यापासून साध्या बोलीपर्यंतचा हाच प्रवास तिने टिळकांहूनही अधिक लांबून केला. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ मध्ये सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात, आजच्या कर्नाटकात, झाला. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले आणि तीर्थक्षेत्रांतून पुराणे सांगत सारे कुटुंब हिंदुस्थानभर पायी फिरले. आईबाप दुष्काळात गेले. भावाबरोबर रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या आणि तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. बंगाली गृहस्थाशी विवाह, दोन वर्षांत वैधव्य, आणि मग १८८२ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, पुण्यास आगमन. म्हणजे मराठी ही त्यांची घरची भाषा. मराठी मुलूख त्यांना पुष्कळ उशिरा भेटला. आपल्या परप्रांती वाढणाऱ्या मुलांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

त्याच वर्षी त्यांनी लिहिलेले ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक संस्कृतप्रचुर आहे. स्त्रियांसाठी लिहिलेले ते पुस्तक त्या काळच्या किती स्त्रियांना कळले असेल, याची आम्हांला शंका वाटते. त्याच्या विक्रीच्या पैशावर त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ चे शारदासदन आणि त्यापुढील केडगावचे मुक्तिसदन यांचा इतिहास आणि पुण्यात त्यावरून माजलेले वादळ सर्वश्रुत आहे. त्यात येथे शिरत नाही. आम्हांला सांगावयाचे आहे ते त्यांच्या शेवटच्या कामाविषयी. दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली आणि बाया केडगावी त्यांच्याभोवती होत्या. प्रचलित मराठी बायबलातील संस्कृत शब्द त्यांना कळत ना. ज्या विदुषीला कलकत्त्याने सरस्वती म्हटले, ती आता शेतावर काम करणाऱ्या बाईला कोणता शब्द समजेल, हे शोधू लागली. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ ग्रंथावरून भाषांतर करू लागल्या. हे काम जवळजवळ अठरा वर्षे चालले. खिळे जुळवणे, छापणे, बांधणे हे सर्व मुक्तीतल्या स्त्रियांनीच केले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा गेली. तरी मुद्रिते तपासणे थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या, तेव्हा काम संपलेले होते, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. त्या भाषांतराची भाषा कोठे कोठे ओबडधोबड आहे. पण ज्यांच्यासाठी ती होती, त्यांना ती ओबडधोबड वाटली नसेल.

आता लक्ष्मीबाई. १८६८ मधला जन्म, सोवळ्याओवळ्याचा अतिरेक झालेले माहेर, जेथे बाहेरची वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे. शिक्षण शून्य. अक्षरओळख नवऱ्याने करून दिली, तीही मधूनमधून, कारण नवरा घरी ठरेल तेव्हा. साडेचार वर्षांच्या विरहानंतर त्या मुलाला घेऊन टिळकांकडे नगरला आल्या, पण ख्रिस्ती म्हणून नव्हे. स्वतःचे पाणी, स्वतःची चूल, स्वतःचे सोवळे त्यांनी तेथेही चालू ठेवले. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. ज्या माणसाने एकदा न विचारता एवढा मोठा घाव घातला होता, त्याने या वेळी वाट पाहिली, याची नोंद घ्यावयास हवी. मग एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनाने स्वतःच घेतले, की जात ही देवाने केलेली नव्हे, माणसाने केलेली आहे. आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये, राहुरीस.

टिळकांच्या पश्चात मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्राची जुळवाजुळव करू लागला. त्याने आईला आठवणी लिहून देण्यास सांगितले. बाई लिहू लागल्या. शुद्धलेखनाचे भय नाही, वाङ्मयीन होण्याची हौस नाही. समोर मुलगा बसला आहे आणि आपण त्याला त्याच्या बापाची गोष्ट सांगत आहोत, असा सूर. चरित्राची सामग्री म्हणून सुरू झालेले हे लेखन ‘स्मृतिचित्रे’ होऊन १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले.

त्या पुस्तकात टिळकांना एकदाही देव्हाऱ्यात बसवलेले नाही. हा मनुष्य रागीट, उधळ्या, विसरभोळा. किराण्यासाठी दिलेले पैसे भलत्याच गोष्टीत खर्च करून येणारा, घरात पीठ नसताना पाहुणे आणणारा. बायको चिडते, भांडते, रडते आणि लिहिताना हसते. धर्मांतरानंतरच्या यातनाही तिने लपवलेल्या नाहीत. पण सूड म्हणून एक शब्द नाही, आणि त्याहून आश्चर्य म्हणजे ज्या सोवळ्या माहेराने आणि समाजाने तिला दुखवले, त्यांच्याविषयीही नाही. ख्रिस्ती धर्म तिने पुस्तकात कोठे फारसा समजावून दिलेला नाही. प्लेगच्या छावणीत आजाऱ्यांची सेवा, दारी आलेल्या अनाथ पोराला घरात घेणे, असे काही घडते आणि आपण पुढचे पान उलटतो. पदमनजींनी शंभर पुस्तकांत जे पटवण्याचा प्रयत्न केला, ते या बाईने पटवण्याचा विचारही न करता वाचकाच्या गळी उतरवले, असे आम्हांला वाटते. आमच्या मंडळातील एका वृद्ध सभासद भगिनी, ज्यांच्या घरी आजही सोवळ्यातला नैवेद्य होतो, हे पुस्तक दर चातुर्मासात एकदा वाचीत. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, “अहो, ती माझ्या आत्यासारखी बोलते.” यापुढे समीक्षक काय निराळे सांगणार?

‘स्मृतिचित्रे’चे इंग्रजी भाषांतर १९५० मध्ये झाले होते, शांता गोखले यांनी केलेले नवे भाषांतर २०१७ मध्ये निघाले. मराठी वाचता न येणाऱ्या आपल्या नातवंडांना ते देण्यास हरकत नाही. पण आधी मूळ पुस्तकातील चार पाने मोठ्याने वाचून दाखवावीत. ती भाषा डोळ्यांपेक्षा कानांना लवकर ओळखते.

उरले ‘ख्रिस्तायन’. टिळकांनी दहाअकरा अध्यायांवर सोडलेली ती वही लक्ष्मीबाईंनी जपून ठेवली होती. ज्या स्त्रीला नवऱ्याने अक्षरे गिरवायला शिकवली, तिने वयाच्या साठीच्या आसपास ते महाकाव्य पुढे चालवण्यास घेतले. घरकाम, आजारपण, नातवंडे यांतून वेळ काढून तिने साठाहून अधिक अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचे देहावसान झाले, तेव्हाही ग्रंथ पुरा झालेला नव्हता. शेवटचा अध्याय देवदत्तांनी लिहिला आणि १९३८ मध्ये ‘ख्रिस्तायन’ छापून झाले. आपल्या वाचनालयात त्याची प्रत नाही. कोणा सभासदाच्या घरी असल्यास त्यांनी ती ग्रंथपालांकडे आणून द्यावी, अशी विनंती आहे.